तंबाखूचा हिशोब कोणी ठेवला?

२०१२ च्या ऑक्टोबरनंतर ज्यांनी थिएटरात सिनेमा पाहिला आहे, त्यांना मुकेश माहीत आहे. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर येणारा, नाकात नळी असलेला, बोलताना त्रास होणारा तरुण. त्याने जेमतेम वर्षभर गुटखा खाल्ला होता आणि तोंडाच्या कॅन्सरने तो चोविसाव्या वर्षी गेला. पुढे त्याच्या नावावर विनोद झाले, मीम झाले. तो कुठला होता हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं. तो भुसावळचा, म्हणजे आमच्या खानदेशातला. सुरतहून निघणारी जी रेल्वे नंदुरबारवरून पुढे जाते, ती त्याच्याच गावाला पोचते.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटचा. सध्या पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. लहानपणी मी सिगारेट फक्त सिनेमात पाहिली. घरात आप्पांची (म्हणजे आजोबांची) बिडी होती, आजीची मिश्री होती आणि मामाकडे आधी गुटख्याची पुडी, नंतर तळहातावर मळलेली तंबाखू आणि चुना. ‘काही व्हत नही रे भाऊ’ हे मामाचं ठरलेलं उत्तर. आज मामाचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. भाकरी कुस्करून, वरणात भिजवून खावी लागते.

आमच्या धंद्यात एखादी सिस्टीम पडली की पहिला प्रश्न असतो : बिघाडाची पहिली नोंद कधीची आहे? ती कोणी पाहिली, आणि पाहिल्यावर काय केलं? तंबाखूच्या बाबतीत मी हाच प्रश्न घेऊन वाचायला बसलो. मामाच्या तोंडाचं जे झालं, ते होणार हे कोणाला, कधीपासून माहीत होतं?

विजापूर ते आग्रा

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली आणि तिथून ती दख्खनेत पसरली. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग नावाचा मुघल सरदार विजापूरला आदिलशाहीच्या दरबारी गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. रत्नजडित चिलीम आणि तंबाखू घेऊन तो आग्र्याला परतला आणि अकबरापुढे नजराणा म्हणून ठेवली. बादशहाने एक-दोन झुरके घेतले. हकिमांनी अडवलं. त्यांचा आक्षेप असा, की ही वस्तू आमच्या ग्रंथांत नाही, हिचे गुणदोष आम्हाला माहीत नाहीत. असद बेगचं म्हणणं पडलं, की फिरंग्यांमध्येही शहाणे लोक आहेत, त्यांनी पारखल्याशिवाय ती घेतली असेल का?

चारशे वर्षांपूर्वीची ही चर्चा वाचताना हकिमांचं कौतुक वाटतं. माहिती नसेल तर थांबा, एवढंच ते म्हणत होते. पण दरबारातल्या इतर मंडळींनी तंबाखू मागून घेतली आणि मागणी वाढत गेली. १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. त्याच काळात इराणात शाह अब्बासनेही घातली होती. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने तर १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध पुस्तिकाच लिहिली होती. तीन राजे विरोधात असूनही तंबाखू कुठेच थांबली नाही. लोकांना ती हवी होती, शेतकऱ्याला तिचा पैसा मिळत होता आणि लवकरच सरकारांनाही तिच्यावरचा कर गोड लागला.

दुष्काळातून आलेली बिडी

बिडीचा धंदा मोठा होण्यामागे एक दुष्काळ आहे. १८९९ साली गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ वरून लोक त्याला ‘छप्पनिया’ म्हणतात. पोट भरायला बाहेर पडलेल्या गुजराती कुटुंबांपैकी काही जबलपूर भागात गेली. तिथल्या जंगलात तेंदूची, म्हणजे आपल्या टेंभुर्णीची पानं अमाप होती आणि मजुरी स्वस्त होती. तंबाखू गुजरातची, पान मध्य भारतातलं आणि हात गरिबांचे, असा हा धंदा उभा राहिला. रेल्वेने तो पसरवला. स्वदेशीच्या काळात विलायती सिगारेटला पर्याय म्हणून बिडीला मानही मिळाला. महाराष्ट्रात सिन्नर, संगमनेर, नगर, सोलापूर, गोंदिया ही बिडीची गावं झाली.

बिडी वळणाऱ्यांत बायका सर्वांत जास्त. घरकाम उरकून मांडीवर सूप घ्यायचं, कात्रीने पान कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, दोऱ्याने बांधायचं. मजुरी हजार बिड्यांच्या हिशोबाने. ओढणाऱ्याच्या छातीत धूर जातो, वळणारीच्या छातीत तंबाखूची धूळ. सीमाभागातल्या निपाणीच्या तंबाखू वखारींत काम करणाऱ्या बायकांनी संघटना बांधली, त्यावर ‘युगांतर’ या गटाने ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट १९८२ मध्ये केला. त्याच निपाणीत १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर बसले होते आणि त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले.

हे सांगायचं कारण असं, की ‘तंबाखू बंद करा’ हे वाक्य जितकं सोपं आहे तितका तिचा संसार सोपा नाही. आमच्या जिल्ह्यातही सातपुड्यात उन्हाळ्यात पानं गोळा करून चार पैसे मिळवणारी आदिवासी कुटुंबं आहेत. बिडीवर कर वाढवायचं म्हटलं की प्रत्येक वेळी याच बायका आणि याच कुटुंबांचं नाव पुढे केलं जातं. त्यांची मजुरी वाढवायची वेळ आली की मात्र ते नाव कोणाच्या तोंडात येत नाही.

परळची नोंदवही

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. पहिली नोंद कधीची?

जगाच्या इतिहासात साधारण उत्तर असतं : १९५०. त्या वर्षी लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण आणि इतर आजारांचे रुग्ण यांच्या धूम्रपानाची तुलना छापली. पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या आणि मग कोण कशाने दगावतं ते वर्षानुवर्षं नोंदत राहिले. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेजचा आणि ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. तिथून सिगारेटविरुद्धची सरकारी लढाई सुरू झाली.

पण त्याआधीची एक नोंद मुंबईत परळला आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. त्यांनी १९४४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत क्वचित दिसणारा हा कॅन्सर इथे एवढा का, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचा धागा लोकांच्या पान-तंबाखूच्या सवयींकडे जात होता. १९५५ मध्ये सांघवी, राव आणि खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पुढचा अभ्यास छापला. त्यात ओढणं आणि चघळणं हे दोन्ही वेगवेगळं मोजलं होतं.

ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. लंडनच्या अभ्यासाला धूर मोजणं पुरेसं होतं, कारण तिथली तंबाखू जळत होती. आपली तंबाखू जळतेही, चघळलीही जाते, दातांना घासलीही जाते. ‘धूम्रपान’ असा एकच रकाना ठेवला तर आजी त्या तक्त्यात येतच नाही, आणि मामाही येत नाही. खानोलकरांनी रकाना वाढवला. ज्याला रकाना नाही त्याचं मरणही नोंदलं जात नाही, हे डेटाबेसवर काम करणाऱ्या कोणालाही पटेल.

गावोगावी उघडलेली तोंडं

हॉस्पिटलात येतो तो आधीच आजारी माणूस. गावात काय चाललंय ते कळायचं तर गावात जावं लागतं. हे काम टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने केलं. हो, अणुविज्ञान आणि गणितासाठी आपण ओळखतो तीच संस्था. डॉ. फली मेहता, डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग आणि मूळचे गणिताचे डॉ. प्रकाश गुप्ता ही त्यातली काही नावं. साठच्या दशकात त्यांच्या पथकांनी भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, सिंगभूम आणि दरभंगा या जिल्ह्यांत घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली. मग पुणे जिल्ह्यातल्या गावांत एक लाख एक हजार सातशे एकसष्ट माणसं तपासली. हा अभ्यास १९७२ मध्ये छापून आला. मोबाइल नाही, एक्सेल नाही. टॉर्च, दंतवैद्याचा आरसा आणि कागदी फॉर्म. निष्कर्ष स्पष्ट होता : तोंडातले पांढरे चट्टे आणि कॅन्सर जवळपास सगळे तंबाखू वापरणाऱ्यांतच सापडत होते.

याच पथकाने पुढे जे केलं ते मला सर्वांत मोठं वाटतं. दोष सापडला, आता दुरुस्ती होते का ते पाहायचं ठरलं. भावनगर, एर्नाकुलम आणि श्रीकाकुलम इथले तंबाखू वापरणारे ३६ हजार लोक निवडले. दरवर्षी त्यांची तोंडं तपासायची आणि प्रत्येकाशी त्याच्या सवयीबद्दल बोलायचं. चित्रं, फिल्म, रेडिओ, शिबिरं ही जोड होतीच, पण मुख्य भर समोर बसून बोलण्यावर. त्यांची तुलना आधीच्या पाहणीतल्या लोकांशी केली, ज्यांना असा सल्ला मिळाला नव्हता. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निकाल आला. सल्ला मिळालेल्यांत तंबाखू सोडणारे आणि कमी करणारे जास्त होते, आणि पांढरे चट्टे नव्याने होण्याचं प्रमाणही घटलं होतं.

म्हणजे १९८६ पर्यंत भारतातल्या खेड्यांत, भारतातल्याच माणसांवर हे सिद्ध झालं होतं, की गरीब, अशिक्षित म्हटली जाणारी माणसं नीट समजावलं तर तंबाखू सोडतात. ‘खेड्यातले लोक ऐकत नाहीत’ हे वाक्य त्यानंतर कोणी उच्चारायला नको होतं.

१९९१ मध्ये गुप्तांनी मुंबईत आणखी एक अभ्यास सुरू केला. मतदार याद्या हाताशी धरून पस्तिशीच्या पुढच्या माणसांची घरोघर नोंद घेतली आणि ती नोंद हातात मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर केली. आपल्यापैकी अनेकांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा मुंबईच्या चाळींत माणसं डिजिटल फॉर्म भरत फिरत होती. नंतर त्याच माणसांचं काय झालं ते तपासलं. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका १.३७ पट निघाला आणि बिडी ओढणाऱ्यांचा १.६४ पट. ‘बिडी पानाची असते, तिचं काही होत नाही’ या आप्पांच्या समजुतीचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

कायदा आधी कोणासाठी आला?

आता दुसरी बाजू पाहू. संशोधकांनी बिडी, मिश्री, तंबाखू मोजली, पण कायद्याने काय मोजलं?

१९७५ च्या कायद्याने पाकिटावर वैधानिक इशारा छापणं सक्तीचं केलं, पण फक्त सिगारेटच्या. बिडीच्या कट्ट्यावर आणि तंबाखूच्या पुडीवर त्या कायद्याने काहीच नव्हतं. जिचे गिऱ्हाईक थोडे आणि बरेचसे शहरातले, तिला इशारा मिळाला. जिचे गिऱ्हाईक आप्पांसारखे, ती मोकळी राहिली. त्याच सुमारास आणि नंतर पान मसाला आणि गुटखा चकचकीत पुडीत आले. खिशात ठेवता येणारी, मळायची गरज नसलेली, पोरासोरांनाही परवडणारी तंबाखू. १९९२ मध्ये दंतमंजनात तंबाखू घालायला मनाई झाली. तीही मिळाली ती दुकानातल्या डबीला, घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला नाही.

मग न्यायालयं पुढे आली. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक धूम्रपानाविरुद्ध निकाल दिला. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करणारा आदेश मिळाला. गोव्यात त्याआधीच, १९९७ चा धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्धचा कायदा झाला होता. त्यामागे डॉ. शरद वैद्य या कॅन्सर शल्यचिकित्सकांची चळवळ होती. २००३ मध्ये केंद्राचा ‘कोटपा’ कायदा आला आणि पहिल्यांदा सगळ्या प्रकारची तंबाखू एका छताखाली आली : जाहिरातबंदी, अठरा वर्षांखालच्यांना विक्रीबंदी, शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांत विक्रीबंदी. पुड्यांवर चित्रं यायला मात्र ३१ मे २००९ उजाडलं. २०१६ पासून ती पाकिटाच्या ८५ टक्के भागावर आली.

गुटख्याची कथा खास महाराष्ट्राची आहे. राज्याने १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखाबंदी केली. उत्पादक न्यायालयात गेले. २००४ मध्ये ‘गोदावत पान मसाला’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, कारण अन्नभेसळ कायद्याखाली राज्याच्या अधिकाऱ्याला एवढा अधिकार नव्हता. गुटखा घातक आहे की नाही, यावर बंदी अडली नाही, ती अडली अधिकार कोणाचा यावर. पुढे नवा अन्नसुरक्षा कायदा आला. २०११ च्या नियमांत कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येणार नाही असं आलं. त्याचा आधार घेऊन २०१२ मध्ये आधी मध्य प्रदेशाने आणि जुलैत महाराष्ट्राने बंदी केली. त्याच वर्षी गुजरातनेही केली. तीन राज्यांच्या सीमेवरच्या आमच्या जिल्ह्यात तिन्हीकडून बंदी आली, आणि तरी ‘गुटख्याचा साठा पकडला’ ही बातमी स्थानिक पेपरात अजून नवी वाटत नाही.

मग बंदीने काहीच झालं नाही का? झालं. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात २००९-१० मध्ये महाराष्ट्रातले ३१.४ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. २०१६-१७ मध्ये ते प्रमाण २६.६ टक्क्यांवर आलं. किंमत, चित्रं, बंदी, शाळांमधले उपक्रम हे सगळं मिळून हा फरक पडला. पण त्याच सर्वेक्षणाचे दुसरे आकडे पाहा : महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. ‘धूम्रपान निषेध’ अशी पाटी लावून आपण ज्याच्याशी बोलतो तो या राज्यातला लहान गट आहे. मोठा गट तोंडात बार भरून त्या पाटीखालीच उभा असतो. आणि २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा बिडीवर २८ टक्के कर लागला, पण सिगारेटवरचा अधिभार बिडीला लागला नाही. १९७५ ची सवय पुरती गेलेली नव्हती.

कोरीटमध्ये आता काय?

गावात तंबाखूचा खरा हिशोब एकाच ठिकाणी असतो : किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत. गेल्या दिवाळीत मी मामाचं पान पाहिलं. रोज दहा रुपयांच्या दोन पुड्या. वर्षाचे सात हजार तीनशे रुपये. हा आकडा मी मामाला सांगितला तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला. कॅन्सरच्या चित्राने जे झालं नव्हतं ते वहीने केलं.

दंतवैद्याने सांगितलं, की तोंड आखडण्यामागे मुख्यतः सुपारी आहे, तीच जी गुटख्यात होती. गुटखा सुटून वर्षं झाली तरी आखडलेले स्नायूतंतू मागे फिरत नाहीत. पण इथून पुढचा धोका कमी करता येतो, आणि त्यासाठी तंबाखूही सोडायला हवी. तुम्हीही फोन क्षणभर खाली ठेवून पाहा : स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांच्या मध्ये जातात का? जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर दाखवून घ्या.

सोडण्याचं शास्त्र फार गूढ नाही. तलफ येते ती काही मिनिटांत उतरते. पहिले दोन आठवडे सर्वांत कठीण. चिडचिड होते, झोप बिघडते, मग हळूहळू कमी होतं. निकोटिनचे च्युइंगम आणि औषधं मिळतात, ती डॉक्टरांना विचारून घ्यावीत. आणि बोलायला कोणीतरी लागतं. २००२ मध्ये देशात तंबाखू सोडवणारी फक्त १३ केंद्रं सुरू झाली होती. २०१६ पासून राष्ट्रीय क्विटलाइन आहे : १८००-११-२३५६, मोफत, मराठीतही. २०१८ पासून हा नंबर पुडीवरच छापलेला आहे. मामा वीस वर्षं पुडी फाडत होता, शेवटच्या काही वर्षांत नंबर फाटत होता. तो त्याला वाचून कोणी दाखवला नव्हता.

१९८६ च्या त्या निकालाचा अर्थ मला आता कळतो. त्या ३६ हजार लोकांना मिळालेली मुख्य गोष्ट म्हणजे दरवर्षी परत येणारं माणूस. ते काम आज आशाताई करू शकतात, शाळेतली पोरं करू शकतात, आणि पुण्या-मुंबईत बसलेले माझ्यासारखे भाचे-पुतणे फोनवर करू शकतात. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने सरकारसोबत चालवलेलं ‘मुक्तिपथ’ हे दारू आणि तंबाखूविरुद्धचं काम गावसंघटनांच्या बळावरच उभं आहे. गुन्हेगारासारखं ओरडून तंबाखू सुटत नाही. मामाला ‘का खातोस?’ असं आम्ही वर्षानुवर्षं विचारलं. ‘आज किती वेळा तलफ आली?’ हा प्रश्न आता विचारतो आणि त्याचं तो खरं उत्तर देतो.

मामाने दोनदा सोडली, एकदा एका लग्नात परत धरली. समुपदेशक म्हणाल्या, की असं बहुतेकांचं होतं, पुन्हा तारीख ठरवा. त्याने तारीख ठरवली. दुकानदारालाही सांगून ठेवलं आहे, की मागितली तरी उधारीवर देऊ नकोस. या महिन्यात त्याच्या पानावर तेल, साखर आणि चहा एवढंच आहे. मी दर रविवारी फोन करून त्या पानाची चौकशी करतो.